रिकाम्या फ्लॅटचा विमा क्लेम नाकारला? घरमालकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जुना भाडेकरू गेला, नवा अजून आलेला नाही, मधल्या काळात फ्लॅटला कुलूप. नेमकी तेव्हाच पाइप फुटतो, शॉर्टसर्किट होतं किंवा कडी तुटलेली दिसते. क्लेम टाकला की महिनाभराने पत्र येतं: "घर रिकामे असल्यामुळे दावा अमान्य." आमच्याच कल्याणच्या फ्लॅटच्या बाबतीत हे झालं. त्यानंतर ओळखीपाळखीत ज्यांना ज्यांना असं पत्र आलं ते विचारायला येऊ लागले. तेच तेच प्रश्न आणि त्यांची उत्तरं खाली एकत्र लिहिली आहेत.

पत्र आलंय. पहिलं काम कोणतं?

रागाने फोन करू नका. दोन कागद शेजारी शेजारी ठेवा: नाकारल्याचं पत्र आणि संपूर्ण पॉलिसी. संपूर्ण म्हणजे दोन पानांचं शेड्युल नव्हे. त्यामागे पंचवीस-तीस पानांची बारीक टाइपातली अटींची पुस्तिका असते, ती. बऱ्याच लोकांकडे ती नसतेच, कारण ई-मेलमध्ये नुसती लिंक आलेली असते आणि ती कोणी उघडत नाही. कंपनीकडे लेखी मागा.

आता पत्रात कोणत्या कलमाचा आधार घेतलाय ते बघा आणि तेच कलम पुस्तिकेत शोधा. कलमाचा क्रमांकच दिलेला नसेल तर एका ओळीचा मेल टाका: "कोणत्या कलमाखाली, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत घर रिकामे धरले आणि कोणत्या पुराव्यावरून, हे कळवावे." या मेलचं उत्तर पुढे फार उपयोगी पडतं. उत्तर आलंच नाही, तर तेही उपयोगी पडतं.

'रिकामं घर' म्हणजे नक्की काय? सामान होतं की आत!

कलमाचे शब्द पॉलिसीगणिक बदलतात. आपल्याकडच्या जुन्या स्टँडर्ड फायर पॉलिसीतली अट अशी की, इमारत रिकामी झाली आणि ३० दिवसांहून अधिक काळ तशीच राहिली, तर कंपनीची आधी मंजुरी घेऊन एंडोर्समेंट (पॉलिसीत तशी लेखी नोंद) केल्याशिवाय संरक्षण चालू राहत नाही. काही पॉलिस्यांत याच अटीपुढे कंसात 'राहत्या घरांना लागू नाही' असं छापलेलं असतं. तो कंस तुमच्या पॉलिसीत आहे का बघा. एका काकांच्या प्रकरणात अख्खा वाद त्या कंसाने मिटला.

घरफोडीच्या पॉलिसीत अट बहुतेक वेळा निराळी आणि जास्त कडक असते. तिथे दिवस कमी असू शकतात किंवा "सलग" हा शब्द असू शकतो. "सलग ३० दिवस" आणि "वर्षभरात मिळून ३० दिवस" यांत जमीनअस्मानाचा फरक आहे.

सामानाचं म्हणाल तर, 'वस्ती नाही' आणि 'सामान नाही' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तुमच्या कलमात वस्तीचा शब्द असेल तर आत सोफा आणि फ्रिज होता हे सांगून भागत नाही. आठवड्यातून एकदा जाऊन खिडक्या उघडल्या, झाडांना पाणी घातलं, यालाही कंपनी वस्ती म्हणणार नाही. पण पॉलिसीत त्या शब्दाची व्याख्याच दिलेली नसेल, तर संदिग्ध शब्दाचा अर्थ ज्याने तो लिहिला त्याच्या विरुद्ध लावायचा, हे विम्याच्या कायद्यातलं जुनं तत्त्व तुमच्या बाजूचं आहे. आणि क्लेम वगळणाऱ्या अटीत बसतो हे सिद्ध करायची जबाबदारी कंपनीची असते. सर्वोच्च न्यायालयाने हे एकदा नाही, अनेकदा सांगितलंय.

दिवस कसे मोजायचे?

माझ्या अनुभवात निम्मी प्रकरणं इथेच फिरतात, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

आमच्या फ्लॅटचा लिव्ह अँड लायसन्स करार ३१ जानेवारीला संपला. १२ मार्चला मी दार उघडलं तर हॉलमध्ये घोट्यापर्यंत पाणी, वॉर्डरोबचं प्लायवूड फुगून दारं लागत नव्हती. फ्लश टँकचा जोडपाइप फुटला होता. कंपनीने १ फेब्रुवारी ते १२ मार्च असे ४० दिवस मोजले आणि ३० दिवसांच्या अटीवर बोट ठेवून क्लेम बंद केला.

पण करार संपणं आणि घर रिकामं होणं यात आठवड्याचं अंतर होतं. भाडेकरूच्या मुलाची परीक्षा होती, म्हणून आम्ही त्यांना ९ तारखेपर्यंत राहू दिलं होतं. "काका, किल्ली वॉचमनकडे दिली आहे" हा त्यांचा व्हॉट्सअॅप मेसेज ९ फेब्रुवारीचा. डिपॉझिट परत केल्याची बँकेतली नोंद १० तारखेची. सोसायटीच्या गेट रजिस्टरमध्ये टेम्पोचा नंबर ९ तारखेलाच. म्हणजे सुरुवातीचे नऊ दिवस गेले.

दुसरं टोक त्याहून महत्त्वाचं. पाणी मला १२ मार्चला *दिसलं*, पण नुकसान *झालं* कधी? खालच्या मजल्यावरच्या कुलकर्णी वहिनींनी छताला ओल आल्याची तक्रार सोसायटीच्या वहीत ८ मार्चला लिहिली होती. निळ्या पेनाने, वेळेसकट. सेक्रेटरीने मला फोन केला होता, पण मी गावाला होतो. त्या एका ओळीमुळे नुकसान ८ मार्चच्या आधीचं ठरलं. ९ फेब्रुवारी ते ८ मार्च होतात २७ दिवस. झालं, ३० भरलेच नाहीत!

मधे रंगाऱ्याची माणसं आठवडाभर काम करत होती, दोघं रात्री तिथेच झोपायची. ते मुद्दे मी पुरवणी म्हणून जोडले, पण त्यांच्यावर भिस्त ठेवली नाही, कारण कामगारांच्या राहण्याला वस्ती म्हणायचं की नाही यावर वाद होऊ शकतो.

तेव्हा तुम्हीही कागदावर एक रेघ ओढा आणि तीन तारखा टाका: शेवटची माणसं घरात कधी झोपली, नुकसान प्रत्यक्षात कधी झालं, तुम्हाला कधी कळलं. कंपनी बहुतेक वेळा करार संपल्याची तारीख आणि तुम्हाला कळल्याची तारीख धरते, कारण त्या दोनच तारखा तिच्या फायलीत असतात. चोरी नेमकी कोणत्या रात्री झाली हे कोणालाच माहीत नसेल, तर ती ३० दिवसांनंतरचीच हे कंपनीने दाखवायला हवं.

वीजबिलात युनिट फार कमी दिसतात. ते कंपनीने पुरावा म्हणून लावलंय.

महावितरणचं बिल कंपनीचा तपासनीस सगळ्यात आधी मागतो. कमी युनिट म्हणजे वस्ती नाही, असा त्याचा हिशेब. तो दरवेळी बरोबर नसतो. रीडिंगची तारीख आणि तुमच्या रिकाम्या काळाची तारीख जुळते का पाहा. बिल एका महिन्याच्या १७ तारखेपासून पुढच्या १७ पर्यंतचं असू शकतं. रीडिंग खरं आहे की सरासरीवर लावलंय, तेही बिलावर लिहिलेलं असतं. घराला कुलूप असल्यामुळे रीडिंग घेता आलं नाही, असा शेरा असेल तर मात्र तो तुमच्या विरुद्ध जातो. लपवू नका, कंपनीला तो सापडणारच.

सोसायटीच्या बिलात 'नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस' आहेत, म्हणून घर रिकामं होतं असं कंपनी म्हणते!

ही गंमत मी दोनदा पाहिली आहे. नावामुळे फसगत होते. महाराष्ट्रातल्या गृहनिर्माण सोसायट्या हे बिनभोगवटा शुल्क लावतात ते सभासद स्वतः न राहता *दुसऱ्याला* राहायला देतो तेव्हा, आणि राज्य सरकारच्या २००१ च्या आदेशाप्रमाणे ते सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही. नुसतं कुलूप लावून ठेवलेल्या फ्लॅटला ते लागत नाही. म्हणजे बिलात ते असेल तर त्याचा अर्थ उलटा होतो: सोसायटीच्या नोंदीप्रमाणे त्या महिन्यात घरात भाडेकरू होता. सेक्रेटरीकडून लेटरहेडवर चार ओळींचा खुलासा घ्या आणि जोडा. बाहेरच्या राज्यातल्या कार्यालयात बसून फाइल बघणाऱ्याला आपल्या सोसायट्यांची ही भाषा कळत नाही, त्याला समजावून सांगावी लागते.

घर खरोखरच तीन महिने बंद होतं. आता काही अर्थ आहे का?

खरं सांगायचं तर कमी. कलम स्पष्ट असेल, ते तुम्हाला दिलेलं असेल, तुम्ही कळवलेलं नसेल, तर वकिलाच्या फीवर पैसे घालवण्याआधी दोनदा विचार करा. तरीही तीन गोष्टी तपासा.

एक, कलम तुम्हाला कधी दिलं होतं का? नुसतं शेड्युल देऊन अटी दिल्याच नसतील, तर न कळवलेली वगळणारी अट ग्राहकावर लादता येत नाही. मॉडर्न इन्सुलेटर्स प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००० साली असंच म्हटलं होतं. अटी पाठवल्या हे कंपनीने दाखवायचं असतं.

दोन, पॉलिसी घेताना कंपनीला काय माहीत होतं? प्रपोजल फॉर्मवर 'भाड्याने देण्यासाठी' असं लिहिलेलं असेल, तर दोन भाडेकरूंमध्ये घर काही दिवस रिकामं राहणार हे तिला ठाऊकच होतं. एवढ्याने जिंकता येत नाही, पण मुद्दा वजनदार आहे.

तीन, नुकसानीचा रिकामेपणाशी संबंध काय? वीज पडली, शेजारच्या फ्लॅटची आग पसरली, पुराचं पाणी शिरलं, तर घरात माणसं असती तरी तेच झालं असतं. गाड्यांच्या विम्यात, अटीचा भंग मूलभूत नसेल तेव्हा ७५ टक्क्यांपर्यंत रक्कम 'नॉन-स्टँडर्ड' म्हणून द्यायची, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये मान्य केलेलं आहे. घराच्या क्लेमलाही तोच न्याय लावा अशी मागणी करता येते. हमी नाही. पण पूर्ण नकारापेक्षा अर्धी-पाऊण रक्कम बरी, आणि पर्यायी मागणी म्हणून ती तक्रारीत पहिल्यापासून लिहिलेली असावी.

चोरी झाली. पॉलिसी 'भारत गृह रक्षा' आहे. कंपनी म्हणते चोरी यात येतच नाही.

इथे कंपनीचं म्हणणं बरोबर असू शकतं. १ एप्रिल २०२१ पासून सगळ्या सर्वसाधारण विमा कंपन्यांना ही प्रमाणित पॉलिसी द्यावी लागते. तिच्यात आग, भूकंप, वादळ, पूर, दरड, दंगल, पाण्याच्या टाक्या आणि पाइप फुटणं वगैरे आहे. चोरी मात्र यांपैकी एखादी घटना घडल्यावर तिच्यामुळे आणि ७ दिवसांच्या आत झाली तरच. साध्या घरफोडीसाठी वेगळी पॉलिसी किंवा ॲड-ऑन (मूळ पॉलिसीला जोडलेलं जादा संरक्षण) लागतो. एजंटने "घराचा सगळा विमा आहे" असं सांगितलेलं असतं. ते लेखी असेल तर चुकीची विक्री म्हणून वेगळी तक्रार होऊ शकते.

घरफोडीची पॉलिसी असेल तर 'बळजबरीने प्रवेश' हा शब्द शोधा. युनायटेड इंडिया विरुद्ध हरचंदराय चंदनलाल या २००४ च्या निकालापासून न्यायालयं ही अट अक्षरशः लावतात. कुलूप तुटलेलं, कडी वाकलेली, ग्रिल कापलेलं, याची नोंद पंचनाम्यात असायलाच हवी. तुटलेलं कुलूप फेकू नका. लोक नवं कुलूप आणतात आणि जुनं चावीवाल्यालाच देऊन टाकतात!

एफआयआरमध्ये नुसती 'चोरी' लिहिली आहे की घरफोडीचं कलम लावलंय, ते सही करण्याआधी वाचा. तपास लागला नाही तर पोलीस 'अ' समरी पाठवतात. गुन्हा खरा, पण आरोपी सापडला नाही, असा तिचा अर्थ. कंपनी 'फायनल रिपोर्ट' मागते तो हाच. तो मिळायला महिने लागतात. तोवर फाइल बंद करू नये असं लेखी कळवून ठेवा.

उशिरा कळवलं म्हणूनही नाकारलंय.

बंद घरात उशीर होणारच, तुम्हालाच उशिरा कळतं. कळल्याच्या दिवसापासून मोजा आणि उशिराचं कारण कागदासकट द्या: प्रवासाचं तिकीट, हॉस्पिटलचं कार्ड, जे असेल ते. वाहनचोरीच्या प्रकरणात २०२० मध्ये तीन न्यायमूर्तींच्या पीठाने सांगितलं की, पोलिसांत लगेच तक्रार दिली असेल तर नुसतं कंपनीला उशिरा कळवलं म्हणून खरा क्लेम नाकारता येत नाही. कागदपत्रं नाहीत म्हणून क्लेम नाकारायचा नाही, असंही विमा नियामक इर्डाईने २०२४ च्या परिपत्रकात कंपन्यांना बजावलंय.

सर्व्हेअरचा (नुकसान मोजायला कंपनीने नेमलेल्या माणसाचा) रिपोर्ट आमच्या विरुद्ध आहे. तो अंतिम असतो का?

नाही. महत्त्वाचा असतो, पण ब्रह्मवाक्य नव्हे. सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये हे नीट मांडलंय. रिपोर्टची प्रत मागा, ती मागण्याचा हक्क तुम्हाला आहे. न्यू इंडिया, ओरिएंटल, नॅशनल, युनायटेड इंडिया या सरकारी कंपन्या असतील तर माहितीच्या अधिकारातही अर्ज करता येतो. फी १० रुपये, मुदत ३० दिवस.

रिपोर्ट हातात आला की दोन ठिकाणं वाचा. 'नुकसानीचं कारण' आणि 'तारीख'. आमच्या रिपोर्टमध्ये सर्व्हेअरने स्वतःच लिहिलं होतं की ओलीचे डाग "काही दिवसांचे" आहेत. म्हणजे १२ मार्चचं नुकसान नाही हे त्यालाही दिसलं होतं. पण नाकारणाऱ्या अधिकाऱ्याने तेवढं पान वाचलंच नव्हतं. रिपोर्ट अनुकूल आहे म्हणून कंपनीने दुसरा सर्व्हेअर नेमला, तर कारण विचारा. मनाला येईल तितके सर्व्हेअर नेमता येत नाहीत.

आता कंपनी नवंच कारण सांगतेय: 'जुनाट पाइप, देखभाल नाही'.

चांगलं आहे, तुमच्या फायद्याचं आहे. पहिल्या पत्रात जे कारण नव्हतं ते मागाहून ग्राहक आयोगापुढे उभं करता येत नाही. गलाडा पॉवर (२०१६) आणि सौराष्ट्र केमिकल्स (२०१९) हे सर्वोच्च न्यायालयाचे दोन निकाल नावाने लिहा. म्हणूनच पहिलं पत्र पाकिटासकट जपून ठेवायचं आणि फोनवर उगाच जास्तीची माहिती द्यायची नाही.

तक्रार कुठे, कोणत्या क्रमाने?

आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे. ई-मेल पुरेसा आहे, पण तक्रार क्रमांक मागून घ्या. त्याच दिवशी इर्डाईच्या 'बीमा भरोसा' पोर्टलवर नोंद करा किंवा १५५२५५ ला फोन लावा. पोर्टल स्वतः निवाडा करत नाही, पण तिथल्या नोंदीवर कंपनीला उत्तर द्यावंच लागतं, आणि शाखेत धूळ खात पडलेली फाइल वर सरकते. कंपनीने दोन आठवड्यांत उत्तर द्यायचं असतं.

माझ्या तक्रारीचा मधला भाग असा होता, हवा तर उचला:

"आपल्या पत्रात घर दि. १ फेब्रुवारीपासून रिकामे धरले आहे. प्रत्यक्षात भाडेकरूने ताबा दि. ९ फेब्रुवारीला सोडला (पुरावा १ ते ३). नुकसान दि. ८ मार्चपूर्वी झाले (पुरावा ४). त्यामुळे पॉलिसीतील ३० दिवसांची अट लागू होत नाही. दावा पुन्हा उघडून सर्व्हेअरच्या मूल्यांकनानुसार रक्कम व विलंबाबद्दल बँक रेटपेक्षा २ टक्के जास्त दराने व्याज द्यावे. हे मान्य नसल्यास कारणे कलमासह लेखी कळवावीत."

पाच-सहा ओळी आणि पुरावे नंबर घालून. "मी पंधरा वर्षं प्रामाणिकपणे प्रीमियम भरतोय" हे लिहायचा मोह होतो. नका लिहू, वाचणारा ते सोडूनच देतो. आमचा क्लेम याच पायरीवर घसारा वजा होऊन मिटला. त्याला सात आठवडे लागले.

नाही मिटला तर विमा लोकपाल की ग्राहक आयोग?

मी आधी लोकपाल सांगतो. फी नाही, वकील लागत नाही (आणि चालतही नाही), ५० लाखांपर्यंतच्या तक्रारी घेतात. कंपनीने नकार दिला किंवा तक्रारीनंतर महिनाभर उत्तरच दिलं नाही, की तिथून वर्षभरात जावं लागतं. सुनावणी बहुतेक वेळा व्हिडिओवर होते आणि ती थोडक्यात आटोपते, तेव्हा तारखांची रेघ एका पानावर तयार ठेवा. लोकपालाचा निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो. तुम्हाला पटला नाही, तर ग्राहक आयोगाची वाट मोकळी आहे. उलटं मात्र चालत नाही: आयोगात प्रकरण चालू असेल तर लोकपाल हात लावत नाही.

साक्षी-पुरावे खूप असतील, मनस्तापाची भरपाई हवी असेल किंवा रक्कम मोठी असेल, तर जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या कायद्यामुळे तुम्ही जिथे राहता किंवा काम करता तिथल्या आयोगात जाता येतं. फ्लॅट नागपुरात आणि तुम्ही साताऱ्यात, तर सातारा चालेल. कोणत्या आयोगात जायचं हे तुम्ही *दिलेल्या* मोबदल्यावर, म्हणजे प्रीमियमवर ठरतं. तो ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्ह्यातच, त्यामुळे घराचा विमा जवळजवळ नेहमी जिल्हा आयोगातच येतो. मोबदला ५ लाखांपर्यंत असेल तर फी शून्य. अर्ज ई-जागृती पोर्टलवर. मुदत दोन वर्षं, आणि ती नकाराच्या पत्रापासून मोजायची सवय ठेवा. कंपनीशी मेलामेली चालू आहे म्हणून मुदत वाढत नाही. किती जण इथे गाफील राहतात!

कंपनीचा वकील म्हणतो: तुम्ही घर भाड्याने देता, हा व्यवसाय झाला, तुम्ही ग्राहकच नाही.

हर्सोलिया मोटर्स प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये यावर पडदा टाकलाय. विमा नुकसान भरून काढायला घेतात, नफा कमवायला नाही. तिथे तर विमा घेणाऱ्या व्यापारी संस्था होत्या, तुमचा एक फ्लॅट काय घेऊन बसलात.

अर्धी रक्कम देतायत. सही करू का?

गरज असेल तर घ्या, पण 'पूर्ण व अंतिम' असं छापलेल्या व्हाउचरवर नुसती सही करू नका. "निषेध नोंदवून, उर्वरित रकमेचा हक्क राखून" असं स्वतःच्या हाताने लिहा आणि त्याच दिवशी मेल करा. दबावाखाली सही घेतली असेल तर ती आडवी येत नाही, असे निकाल आहेत. पण दबाव सिद्ध करत बसण्यापेक्षा हे एक वाक्य स्वस्त.

दुरुस्ती होईपर्यंत बुडालेलं भाडं मिळतं का?

'भारत गृह रक्षा'मध्ये भाड्याचं नुकसान समाविष्ट आहे. अडचण एवढीच की कंपनी म्हणते, घर रिकामं होतं, भाडं येतच नव्हतं, बुडालं काय? नव्या भाडेकरूकडून टोकन घेतलं असेल, कराराचा मसुदा झाला असेल, ब्रोकरशी बोलणं झालं असेल, तर ते दाखवा. नसेल तर हा मुद्दा सोडून द्या. मूळ क्लेम त्याने कमकुवत होतो.

पाणी वरून आलं. सोसायटी म्हणते तुमचा विमा आहे ना, तिथून घ्या.

दोन्ही वाटा मोकळ्या ठेवा. सोसायट्यांच्या मॉडेल उपविधींप्रमाणे (नमुना नियमावलीप्रमाणे) बाहेरची सामाईक पाइपलाइन, ड्रेनेज लाइन आणि पावसाच्या पाण्याची गळती सोसायटीच्या खर्चाने दुरुस्त होते. फ्लॅटच्या आतली ज्याची त्याची. सोसायटीचा स्वतःचा इमारतीचा विमा असतो, त्याची प्रत सेक्रेटरीकडे मागा. खालच्या शेजाऱ्याचं छत तुमच्या पाइपमुळे खराब झालं असेल तर ते तुमच्या घरविम्यात येईलच असं नाही, त्यासाठी वेगळं दायित्वाचं संरक्षण लागतं.

मी परदेशात आहे. फ्लॅट पुण्यात बंद.

तक्रार, पोर्टल, व्हिडिओ सुनावणी हे सगळं तिथून होतं. इथे एक माणूस लागतो: पंचनाम्याला हजर राहायला, सर्व्हेअरला दार उघडून द्यायला. त्याच्या नावाचं अधिकारपत्र आधीच करून ठेवा. पोलिसांत तक्रार ऑनलाइन देता येते, पण ती नोंदली जायला नव्या कायद्याप्रमाणे ३ दिवसांत सही लागते, हे विसरू नका.

कोकणातलं घर गणपती आणि मे महिना सोडला तर बंदच असतं.

तुमच्यासाठी ३० दिवसांची अट असलेली पॉलिसी म्हणजे भरलेल्या प्रीमियमवर पाणी. घर बंद असतं हे प्रपोजलमध्ये स्पष्ट लिहून, तशी एंडोर्समेंट घेऊनच विमा घ्या. २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात आणि २०२१ च्या चिपळूणच्या पुरात कुलूपबंद घरंही सापडली. अशा वेळी तलाठ्याचा पंचनामा फार मोलाचा असतो, कारण त्यावर आपत्तीची तारीख सरकारी असते. तो गावातल्या भाऊबंदांना सांगून लगेच करून घ्या, पुढच्या गणपतीपर्यंत थांबू नका.

निकाल लागेपर्यंत दुरुस्ती थांबवायची का?

नुकसान वाढू देऊ नका: पाणी बंद करा, छप्पर झाका, दार पक्कं करा, आणि त्या खर्चाची बिलं ठेवा. बाकी काम सर्व्हे होईपर्यंत थांबवा. कंपनीने क्लेम नाकारलाच असेल तर तारखेसह फोटो, व्हिडिओ आणि दोन कंत्राटदारांचे अंदाजपत्रक घेऊन कंपनीला कळवा: "अमुक तारखेपासून दुरुस्ती सुरू करत आहोत, पाहणी करायची असल्यास त्याआधी करावी." फुटलेला पाइप पिशवीत घालून, चिठ्ठी लावून माळ्यावर ठेवा. आमचा अजून आहे.

यापुढे भाडेकरू गेला की काय करू?

त्याच दिवशी कंपनीला मेल: "फ्लॅट आजपासून रिकामा आहे, नवा भाडेकरू येईपर्यंत संरक्षण चालू ठेवावे, एंडोर्समेंट व जादा प्रीमियम असल्यास कळवावे." मग पाण्याचा मेन व्हॉल्व्ह बंद करा, किल्ली मिळाल्याची तारीख लिहून घ्या आणि मीटरचा फोटो काढा.